घरटी एक नाव

आमच्या गावात गुन्हा दाखल झाला की आरोपी कोण, हे गावच ठरवतं. हे सांगितलं की शहरातली माणसं हसतात. त्यांना वाटतं, मी तिखटमीठ लावते आहे. त्याची काही गरज नाही. रास्ता रोको झाला, मिरवणुकीत बाचाबाची झाली, की पोलिसांना कागदावर नावं लागतात. एवढ्या गर्दीत कोण कुणाला ओळखत बसणार? मग ते गावातल्या चार जाणत्या माणसांना सांगतात, तुम्हीच नावं द्या, नाहीतर हाताला लागेल त्याला उचलू. जाणते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसतात, तंबाखू मळतात आणि घरटी एक नाव काढतात. वर्गणी काढावी तसंच. कोण तिथं होतं आणि कोण नव्हतं, हा प्रश्न त्या ओट्यावर कुणी विचारत नाही.

नियम मात्र एक आहे आणि तो कडक आहे. भरतीचं पोरगं द्यायचं नाही. आमच्याकडे घराघरात एक तरी पोरगा पोलीस नाहीतर सैन्य भरतीची तयारी करत असतो. पहाटे चकलांब्याच्या रस्त्याला उभं राहिलं की पळणाऱ्या पोरांची रांग लागलेली दिसते. केस पडली की पोरगा पडताळणीत गळतो, एवढं कायद्याचं ज्ञान गावाला पक्कं आहे. म्हणून नावं द्यायची ती भरतीचं वय उलटलेल्यांची, म्हाताऱ्यांची आणि मुलींची. मुलींच्या बाबतीत तर गावाने फारच दूरवरचा विचार केलेला. मुलगी लग्न होऊन जाणार, तिचं आडनाव बदलणार, मग त्या नावाची केस शोधणार कोण? हा विचार मी माझ्या काकांच्या तोंडून ऐकला आहे. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलींची मोठी सोय लावून दिल्याचं समाधान होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, आप्पांचे, थोरले भाऊ. दोन्ही घरं एकाच अंगणात, आणि ओट्यावरच्या चौघांत काकांची जागा ठरलेली. आप्पांचा स्वभाव असा की काकांनी दिवस उगवला म्हटलं तर ते भर रात्री टोपी घालून शेताकडे निघतील. नाव देण्याच्या कामाला आमची दोन्ही घरं मिळून एकच घर धरलं जायचं. ज्वारीची वाटणी करताना मात्र ती दोन असायची.

मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना गावची मुक्कामी गाडी बंद झाली. ही गाडी संध्याकाळी यायची, रात्री गावातच थांबायची आणि सकाळी मुलींना कॉलेजला घेऊन जायची. मुद्दाम मुलींना म्हणते, कारण पोरांकडे मोटारसायकली होत्या. गाडी परत सुरू व्हावी म्हणून गावाने फाट्यावर रास्ता रोको केला. घोषणा देता देता कुणीतरी दगड भिरकावला आणि अडकून पडलेल्या एका जीपची काच फुटली. तो कुणीतरी म्हणजे काकांचा मुलगा, हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. मी त्या दिवशी बीडला परीक्षेच्या हॉलमध्ये रसायनशास्त्राचा पेपर लिहीत होते. गाडी नाही म्हणून आदल्या दिवशीच मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन राहिले होते.

पेपर संपवून घरी आले तर आई भाकरी थापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "तुजं नाव दिलंय." मी तशीच काकांच्या दारात गेले. ते बाजेवर बसून चहा पीत होते.

"काका, मी तर गावातच नव्हते की."

"मंग तर बरंच हाय," काका म्हणाले. "तू काईच केलं न्हाई. तुला कावून भ्याव वाटतं?"

"मग ज्यानं दगड मारला त्याचं नाव द्या."

"त्याची भरती हाय, बाई." हे त्यांनी इतक्या समजुतीच्या सुरात सांगितलं की बोलणारीच अडाणी ठरावी. चुलतभाऊ आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही. आप्पा अंगणात उभे राहून बैलाच्या वेसणीकडे बघत होते, जणू ती त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

त्या यादीत आम्ही चार मुली होतो. बाकी सगळे साठीच्या पुढचे, आणि त्यातल्या एका आजोबांना तर फाट्यापर्यंत चालणंही होत नव्हतं. मुलींच्या गाडीसाठीचं आंदोलन, पोरांनी केलेलं, आणि केस मुलींवर आणि म्हाताऱ्यांवर. एवढं होऊन गाडी काही आली नाही, ती आजही येत नाही.

पुढे तालुक्याच्या कोर्टात तारखा पडत राहिल्या. मग एकदा लोकअदालतीचा दिवस आला. किरकोळ प्रकरणं एका दिवसात निकाली काढायची होती आणि आमचे वकील अगदी खुशीत होते. आम्हाला कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली गोळा करून ते म्हणाले, "जज्जसाहेब विचारतील, गुन्हा कबूल आहे का. सगळ्यांनी कबूल म्हणायचं. किरकोळ दंड होतो, प्रकरण संपतं, जेवायला घरी."

मी विचारलं, "कबूल म्हटलं तर गुन्हा सिद्ध झाला असंच ना?"

चपलेत खडा शिरल्यावर माणूस जसा बघतो तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोबत आलेले काका म्हणाले, "तुला लई कळतं. एकटीसाठी सगळ्यांना तारखा करायला लावती का?" मग त्या चालता न येणाऱ्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. दर तारखेला त्यांना जीपमध्ये उचलून बसवावं लागायचं. मी आत जाऊन सगळ्यांबरोबर कबूल म्हटलं. निम्म्यांना आपण काय कबूल करतोय हे ठाऊक नव्हतं. बाहेर आल्यावर गावाने जिलेबी खाल्ली. केस मिटली म्हणून सगळे एकमेकांना सांगत होते. खटला चालून सुटणं आणि दोषी ठरून दंड भरणं यांत काही फरक असतो, हे त्या जिलेबीत कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि ज्या वकिलाच्या डोक्यात यायला हवं होतं तो पाक चाटत होता.

चुलतभाऊ पुढच्या भरतीत पोलीस झाला. त्याच्या सत्काराच्या बॅनरवर "गावाची शान" असं लिहिलं होतं.

मी पदवी घेतली आणि बीडला राहून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागले. क्लास, अभ्यासिका, मेस आणि पुन्हा अभ्यासिका, असं आयुष्य तिथं हजारो मुलं काढतात, त्याचं कौतुक सांगण्यासारखं काही नाही. नापास होत होत शेवटी केंद्र सरकारच्या एका खात्यात माझी निवड झाली. खातं असं, की तिथं आत जाताना मोबाईल दारात ठेवावा लागतो आणि आतलं बाहेर बोलायची बंदी आहे. गावात लगेच पसरलं की मी गुप्तहेर झाले. माझं काम टाईप करणं आणि फायली लावणं हे होतं. पण त्या फायली कुणीही हाताळू नये म्हणून नेमणुकीआधी सुरक्षा पडताळणी असते, आणि ती पार पडेपर्यंत नोकरी हातात नसते.

पडताळणीच्या फॉर्मात प्रश्न सरळ होता. तुम्हाला कधी अटक झाली का, तुमच्यावर खटला चालला का, दंड किंवा शिक्षा झाली का? आणि त्याच्याही वर, जाड अक्षरात, माहिती खोटी दिली किंवा दडवली तर उमेदवारी रद्द होईल. आमच्या घरात जाड अक्षरं वाचायची पद्धत नाही. सगळे थेट रकान्यावर उतरतात.

त्या रकान्यासाठी घरात पंचायत बसली. चुलतभाऊ रजेवर आलेला होता. तो पोलिसात असल्याने त्याचं मत म्हणजे कायदाच. तो म्हणाला, "ताई, ‘न्हाई’ लिही. इतकी जुनी केस कोण उकरतंय. मी बी ‘न्हाई’च लिवलं की."

"तुझ्यावर केस नव्हती," मी म्हटलं.

तो मोबाईल बघायला लागला. काकांनी विषय पुढे नेला. कुणी म्हणे पाच वर्षांनी केस आपोआप पुसली जाते. कुणी म्हणे आमदाराचं पत्र जोडलं की झालं. शेजारच्या एका शहाण्याने सुचवलं की लग्न करून टाका, नवं नाव येईल. आप्पा म्हणाले, "काका म्हणतेत तसं लिही, पोरी." मला त्या सगळ्यांची इतकी चीड आली की मी फॉर्म घेऊन उठले. आम्ही दोघी बहिणी झोपायचो त्या खोलीत जाऊन, धाकटीच्या दप्तरावर ठेवून, मी "होय" लिहिलं. खाली कलमं लिहिली, निकाल लिहिला, दंड लिहिला. धाकटी तेव्हा पाचवीत होती. तिने वाचून विचारलं, "आता तुला घेतील का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

महिन्याभराने चौकशीला पोलीस गावात आला, आणि परंपरेप्रमाणे जाणत्या माणसांनाच भेटला. म्हणजे काकांना. मुलीची वागणूक कशी, असं त्याने विचारलं. "लई गुणाची पोर," काका म्हणाले. "वर मान करून बोलत न्हाई." हे मला अंगणात ऐकू येत होतं आणि माझी मान चांगलीच वर होती. पोलीस म्हणाला, केस होती म्हणे. काका म्हणाले, "ती मिटली की. किरकोळ. सरसकट नावं दिलती." सरसकट हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसं वरून पाऊस पडावा तशी ती नावं आभाळातून पडली होती.

त्यानंतर मला खात्याच्या मुख्य कार्यालयातून स्पष्टीकरणासाठी बोलावणं आलं. आता काकांना खरी काळजी लागली. माझी नव्हे. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते आमच्या उंबऱ्यात बसले. आमच्या उंबऱ्यात ते असे कधी बसत नसत. "म्हण, मी होते. चूक झाली, माफ करा. लहान होते म्हण. मी नव्हतेच म्हणलीस तर ते इचारतील, मंग कोण होतं? पोराची नोकरी हाय. त्याला लेकरं हायेत." माझ्या नोकरीचं काय, हे त्यांना सुचलंही नाही. मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं मी ऐकलं. आमच्या घरात मुलगी गप्प बसली की तिने ऐकलं असं धरतात.

प्रवासभर मी चुलतभावाचं नाव घ्यायची तयारी करत होते. खरं सांगायचं तर मला त्याचं नाव घ्यायची फार इच्छा होती. ती जिलेबी, तो बॅनर, ते मोबाईलमध्ये घातलेलं डोकं, सगळं सांगायचं होतं. कार्यालयात गेले तर समोर एकच अधिकारी, चष्मा कपाळावर चढवलेले, पुढे माझी फाईल. मी परीक्षेच्या वेळापत्रकाची प्रत जोडली होती, ती त्यांनी वाचलेली होती.

"तुम्ही त्या दिवशी फाट्यावर होतात?"

"नव्हते. बीडला पेपर होता."

"मग कोर्टात कबूल केलंत."

"हो."

"म्हणजे कोर्टात खोटं बोललात. मग इथं खरं बोलता, हे कशावरून?"

हा प्रश्न मला कुणी शिकवलेला नव्हता. मी म्हटलं, "तिथं सगळे म्हणत होते तेच मी म्हटलं. इथं मी एकटी आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तुमचं नाव आलं कसं मग?"

"आमच्याकडे घरटी एक नाव देतात. आमच्या घरातून माझं दिलं."

"कुणाच्या ऐवजी?"

चुलतभावाचं नाव जिभेवर होतं. पण मला त्याच वेळी यादीतल्या बाकीच्या तीन मुली आठवल्या. त्यांच्या ऐवजीही कुणी ना कुणी होतंच. मी म्हटलं, "ज्यांना सरकारी नोकरी लागायची होती त्यांच्या ऐवजी. त्यातल्या काहींना लागली."

ते बराच वेळ लिहीत राहिले. मग म्हणाले, दंड झाला म्हणून सरसकट कुणी बाद होत नाही. गुन्हा कसला होता, वय काय होतं, पुढे वागणूक कशी राहिली, हे सगळं बघतात. पण लपवलं असतंत तर मला बघायलाच काही राहिलं नसतं. निर्णय काय होईल हे त्यांनी सांगितलं नाही. तो कळेपर्यंतचे महिने मी गावात काढले, आणि भेटेल तो विचारायचा, आमदाराचं पत्र जोडलंस का?

मंजुरी आली. गावाने सत्कार ठेवला. ज्या ओट्यावर माझं नाव आरोपी म्हणून काढलं त्याच ओट्यावर शाल आणि नारळ. बॅनरवर माझ्या फोटोखाली काकांचा फोटो, माझ्यापेक्षा मोठा. काका बोलायला उभे राहिले. म्हणाले, पोरीवर केस होती, लोक म्हणत होते पोरीचं वाटोळं झालं, पण आमच्या पोरीनं खरं ते लिवलं आणि सरकारनं तिला घेतली. आमी तेव्हाच म्हणलतो, पोरींना काई व्हत न्हाई. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि मांडीवर ठेवली. त्या टाळ्यांचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही, नाहीतर मी माईक हातात घेतला असता.

नोकरीला लागून आता पंधरा वर्षं झाली. धाकटी मोठी झाली. आता पहाटे चकलांब्याच्या रस्त्यावर पळणाऱ्यांत ती असते, कारण ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. गावातल्या पोरांपेक्षा तिचा दम चांगला आहे, हे पोरंच कबूल करतात. परीक्षेच्या अभ्यासासाठी ती मधून मधून बीडच्या अभ्यासिकेत राहते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. मोबाईल दारात ठेवलेला असतो, म्हणून मला तो बाहेर आल्यावर दिसला. मी लावला. तिने सांगितलं ते असं. ओढ्यावरच्या पुलासाठी गावाने मागच्या वर्षी रास्ता रोको केला होता. ती बीडला होती. यादीत तिचं नाव आहे, हे तिला आत्ता कोर्टाचा कागद आल्यावर कळलं. परवा लोकअदालत आहे आणि वकील म्हणतोय सगळ्यांबरोबर कबूल म्हण.

"काकांनी दिलं नाव?" मी विचारलं.

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "न्हाई. आप्पांनी."

मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. भरतीचं पोरगं द्यायचं नाही हा नियम होता, पण ती पोरगं नव्हती. आप्पांना फोन दे, म्हटलं. ते आले आणि नेहमीच्या मऊ आवाजात बोलायला लागले.

"अगं, घरटी एक द्यायचं होतं. काकांचा नातू आता भरतीला हाय. आन् तुजं झालंच की समदं नीट. तू खरं लिवलंस, तसं ती बी लिवंल."

मी आयुष्यात आप्पांवर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी कार्यालयाच्या फाटकासमोर, बंदूकवाल्या पहारेकऱ्याच्या देखत ओरडले. काय बोलले ते मला आठवत नाही. माझा राग आप्पांवर होता, काकांवर होता, आणि सगळ्यात जास्त त्या सत्काराच्या टाळ्यांवर होता. मी खरं बोलले, आणि त्याचा गावाने एवढाच बोध घेतला की मुलींची नावं द्यायला आता काही हरकत नाही. आप्पा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "आता नाव गेलंय, पोरी. काय करू?"

"तिला फोन द्या," मी म्हटलं. तिने घेतला. "कबूल म्हणू नकोस. सगळे म्हणाले तरी म्हणू नकोस. मी येते आहे."

"सगळ्यांना तारखा पडतील माझ्यामुळं," ती म्हणाली. हे वाक्य तिला कुणी शिकवलं हे विचारायची गरज नव्हती.

"पडू दे."

मी परत आत गेले आणि रजेचा अर्ज भरायला बसले. कारणाच्या जागी आमच्या कार्यालयात सगळे "घरगुती" लिहितात आणि कुणी काही विचारत नाही. मीही इतकी वर्षं तेच लिहीत आले. या वेळी मी लिहिलं, बहिणीने न केलेला गुन्हा कबूल करू नये म्हणून.